सीटं भरली की निघू

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. उद्या पहाटे कॅम्पिंगला जायचं.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. एक गोरा म्हातारा, माझ्याच वयाचा. फोर बाय फोर जीप, एक कुत्रा आणि धरणाच्या काठाला तंबू. तिकीट नाही, विचारणारं कुणी नाही, कुत्र्यालाही परवानगी. परत परत पाहिला. मग लक्षात आलं की यातलं सगळं आपल्याकडं आहे. नगर नाका ते गंगापूर जन्मभर सीटं भरून पळवली ती जीप दारात उभी आहे. गिअरशेजारी फोर बाय फोरचा दांडा आहे. तो कधी वापरला नाही, म्हणजे अजून नवाच आहे. नाथसागर धरणाचं पाणी पार कायगावपर्यंत आलेलं आहे. आणि कुत्रा आहे.

कुत्रा माझा नाही, माझ्या मुलाचा, अभयचा. पुण्याच्या सोसायटीत चालत नव्हता, म्हणून गेल्याच्या गेल्या दिवाळीत 'दोन महिन्यांसाठी' इथं ठेवला. नातीनं, अमृतानं, त्याचं नाव मफिन ठेवलंय. तो कुठला तरी गोड पाव असतो म्हणे. मी मॅनेजर म्हणतो, कारण तो काम काही करत नाही, पुढच्या सीटवर बसून बाहेर बघतो. हातात ताट असलं की कोणत्याही नावाला येतो.

बायको, चंपाबाई, गेल्यावर डॉक्टर म्हणाले होते, मन रमवा. तेव्हा हे औषधच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार
निघालो नाही. पहाटे दव फार होतं. दवानं छाती धरते.

खरं म्हणजे जीप काढली होती. मॅनेजर पुढं बसला. इंजिन गरम झालं. पण हात गिअरवर जाईना. आमच्या लाइनचा नियम आहे, सीटं भरल्याशिवाय गाडी हलत नाही. रिकामी जीप रस्त्यावर काढणं बरं नाही. मागं भांडीच नुसती वाजतात.

आधी सीटं जमवली पाहिजेत. बद्रीनाथकडं गेलो. तो माझ्याच लाइनचा जुना ड्रायव्हर. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तिथं जाऊन करायचं काय?" म्हणालो, बसायचं, पाण्याकडं बघायचं. तर म्हणतो, "मंग इथंच बस की. हौदात पाणी हाय."

बद्रीनाथला साहस कळत नाही. तो बाद.

६ नोव्हेंबर, गुरुवार
जीप मुश्ताक मिस्त्रीकडं नेली. दोन कामं होती. जीप डावीकडं ओढते, तेव्हा अलाइनमेंट. आणि फोर बाय फोर एकदा तपासून घ्यायचं, चिखलात ऐनवेळी नको.

मुश्ताक जीपखाली गेला आणि हसतच बाहेर आला. "चचा, ये खाली डंडा है. आगे का शाफ्ट कब का निकल गया." म्हणजे नुसता दांडा आहे, खाली काही जोडलेलंच नाही. असं कसं असेल? दांडा ओढला की टक असा आवाज येतो. काहीतरी लागतं म्हणूनच येतो ना. मुश्ताकची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही.

अलाइनमेंटचं विचारलं तर पुढच्या सीटकडं बोट दाखवून म्हणाला, "अलाइनमेंट बराबर है. इस मोटे को पीछे बिठाओ."

मॅनेजरला वाईट वाटलं असेल. येताना त्याला खारी घेतली. जीप डावीकडंच ओढत होती.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार
अभयचा फोन. नवा फ्लॅट घेतलाय. तिथं कुत्री चालतात. पुढच्या रविवारी येऊन मफिनला घेऊन जातो म्हणाला.

मी म्हणालो, ने. बरं झालं. मी म्हणालो, ने ने. घरभर केस असतात. जेवताना ताटात बघत बसतो. रात्री पायावर झोपतो, पाय जड पडतात. आता मोकळा होईन.

संध्याकाळ
एक विचार आला. रविवारी अभय, सूनबाई संध्या, अमृता आणि मॅनेजर. म्हणजे सीटं भरली! सगळ्यांनी मिळून नाथसागरावर एक रात्र काढायची आणि सोमवारी त्यांनी कुत्रा घेऊन जावा. लगेच फोन केला. अभय म्हणाला, "बघू, बाबा."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो. चंपाबाईसुद्धा बघूच म्हणायची.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तयारी जोरात. तंबू बाजारात मिळतो, पण आपल्याकडं कॅरिअरवरची ताडपत्री आहे. संध्याकाळी गच्चीवर दोन काठ्या लावून ताणून पाहिली. मॅनेजर आत जाऊन आडवा झाला, मला जागाच उरली नाही. पाचजणांचं कसं होणार? अमृताला जीपमध्ये झोपवावं लागेल. पाण्याकाठी साप निघतात. बिबट्याचंही टीव्हीवर दाखवतात. आणि अभयला लहानपणी थंडीनं कान दुखायचा. कानटोपी शोधली. चारही जणांना पुरतील एवढ्या मिळाल्या. एक चंपाबाईची आहे.

शेजारच्या सरूबाई त्यांच्या गच्चीवर मिरच्या गोळा करत होत्या. माझं अर्धं अंग ताडपत्रीबाहेर बघून म्हणाल्या, "भाऊ, घरातून काढलं का काय तुम्हाला?"

म्हणालो, काढणार कोण? घरात मीच आहे.

त्या खाली गेल्या. नंतर वाटीभर पिठलं आणून दिलं. कशाबद्दल ते कळलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज सगळं सामान जीपमध्ये भरलं. स्टोव्ह, ज्वारीचं पीठ, कांदे, खुर्च्या, सतरंज्या, मॅनेजरचा भात शिजवायचं पातेलं. उद्या घाई नको. मग म्हटलं, जागा एकदा नक्की करून यावी. मॅनेजरला घेतलं आणि निघालो.

नगर नाक्यावर चहाला थांबलो. चहा संपेपर्यंत मागं दोघं बसलेले. एकानं विचारलं, "गंगापूर ना, मामा?" तोंडातून गेलंच, "बसा." मग काय, सवय हो. "एक सीट, एक सीट, गंगापूर गंगापूर" असा आवाजही दिला. इतक्या दिवसांनी गळा साफ निघाला. लोक सतरंज्यांवर बसले, खुर्च्या मांडीवर घेतल्या. पुढं एक भागूबाई नावाची म्हातारी बसायला आली. मॅनेजर काही हलेना. ती म्हणाली, "सरक की रं मेल्या, तुझ्या बापाची गाडी हाय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं, "आज्जे, बापाचीच दिसती." सगळी जीप हसली. मॅनेजरनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं ते थेट गंगापूरपर्यंत. उतरताना म्हणाली, "लई गुणाचं हाय. देता का?" म्हणालो, द्यायचा नाही, तो आमचा आहे.

येतानाही सीटं मिळाली. पाण्याकडं जायचं राहून गेलं. अंधार पडला.

पण दिवस फार चांगला गेला. पाणी काय, कुठं पळून जातंय?

१६ नोव्हेंबर, रविवार
सगळे अकराला आले. चारला अमृताचा ऑनलाइन क्लास होता, म्हणून लगेच निघायचं होतं. पण तो क्लास ती गाडीतच करणार म्हणे.

अभयनं दारातली जीप पाहिली. "बाबा, कुठं शिफ्ट होताय का?" मी म्हणालो, नाही, जरा सामानाला हवा देतोय. कॅम्पिंगचं त्याला आठवत होतं की नाही, कळलं नाही. मी विचारलं नाही. माणूस कामात असतो.

संध्या म्हणाली, "मामंजी, तुम्हीच चला ना पुण्याला थोडे दिवस." म्हणालो, बघू.

अमृतानं मफिन म्हणून हाक मारली आणि तो गेला. गाडीत चढताना त्याला कुणी उचलावंही लागलं नाही. एसी होता. गल्ली अरुंद आहे म्हणून मी मागं उभं राहून हातानं गाडी काढून दिली. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, बस. अभय म्हणाला, "बाबा, कॅमेरा आहे गाडीला." तरी मी कोपऱ्यापर्यंत हात दाखवत राहिलो. ड्रायव्हरला मागं माणूस लागतोच.

मॅनेजर पुढं बघत होता. त्याला तशीच सवय आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ
अभयचा फोन. मफिन दोन दिवस जेवत नाही. दारापाशी बसून असतो. "बाबा, तुम्ही त्याला काय द्यायचात?"

मला माहीतच होतं! त्याला ज्वारीची भाकरी मटणाच्या रश्श्यात कुस्करून लागते आणि जेवताना शेजारी माणूस लागतो. हे पुण्यात कुठून मिळणार? मी स्पष्ट सांगितलं, जनावराचे हाल करू नका, शनिवारी परत आणून सोडा. माझा काही आग्रह नाही. जनावराचा प्रश्न आहे.

दुपार
जीप धुतली. सामान उतरवलं नव्हतं ते बरंच झालं. सरूबाईंना सांगितलं, शनिवारी मॅनेजर येतोय. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचा आवाज कसा मोठा झाला आज!"

खाटकाकडून मॅनेजरसाठी हाडं आणून फ्रिजमध्ये ठेवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अभयचा फोन. मफिन जेवला. अमृता शेजारी बसली आणि त्यानं चिकन-भात खाल्ला, वर अजून मागितला. व्हिडिओही पाठवलाय. शेपटी हलवतोय.

चांगली गोष्ट आहे.

हाडांचा रस्सा मीच केला. तिखट जास्त झालं, डोळ्यांतून पाणी आलं.

ठरलं. उद्या एकटा जायचं. कुणाची वाट बघायची नाही. त्या गोऱ्या म्हाताऱ्याबरोबर तरी कोण होतं? कुत्रा होता. बरं, असू दे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
निघालो. रिकामी जीप घेऊन, नियम मोडून. दारात बराच वेळ थांबलो होतो, पण ते इंजिन गरम व्हायला.

सरूबाई पिशव्या घेऊन बाहेर आल्या. छावणीच्या बाजाराला सोडता का म्हणाल्या. पुढचं दार उघडलं तर म्हणतात, "नको बाई, सीटवर नुसती केसं. मी मागंच बसते." डॅशबोर्डवर फडकं होतं. पण झटकत बसायला वेळ नव्हता.

त्यांना सोडून नगर नाक्यावर आलो. एक पोरगा धावत आला. "मामा, गंगापूर का? पुढं बसू?"

म्हणालो, पुढचं सीट भरलेलं आहे.

त्यानं रिकाम्या सीटकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसला.

तिथूनच जीप घराकडं वळवली. ढग आले होते. थोडे होते, पण आले होते.

एक मात्र झालं. येताना जीप डावीकडं अजिबात ओढत नव्हती. स्टेअरिंग सोडलं तरी सरळ. मुश्ताकला सांगितलं पाहिजे, अलाइनमेंट आपोआप ठीक झालं.