कळंबाच्या घरात सिंह

बोरिवली,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सुयोग,
आशीर्वाद. रागावलो म्हणून ते कमी केलेले नाहीत.

इथं लेकीकडे, रश्मीच्या घरी, माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो. सकाळी बाकावर बसून शाळेतल्या कविता पुटपुटतो, पोरं हसतात.

श्रुतिकाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. वर सोनेरी ढाल, तिच्यावर सिंह, मागे दोन तलवारी. फोन केला तर म्हणालास, "बाबा, फॅमिली क्रेस्ट आहे. डिझायनरनं बनवलंय. बिल्डिंगच्या गेटवरही लावणार. रॉयल वाटतं ना?"

रॉयल! अरे, तुझे आजोबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. सिंह त्यांनी राणीच्या बागेत पाहिला, तोही झोपलेला. आपल्या घरात विळीपेक्षा मोठं पातं कधी आलं नाही.

आणि आपल्याला घराण्याची खूण नव्हती का रे? लग्नाआधी देवक बसवतात ते काय असतं? आपलं देवक कळंब. हात जोडून त्याची एक डहाळी आणायची, पुजायची. त्याच्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. तुझ्या लग्नात ती डहाळी मिळेना म्हणून तुझ्या आईनं सगळं मुलुंड पालथं घातलं होतं. मग सोसायटीत तिनं स्वतःच कळंब लावला. म्हणाली, "नातवंडांच्या वेळी शोधाशोध नको."

पावसात त्याला गोल गोल फुलं यायची. तुझी आई, वनमाला, गेली त्या वर्षीही आली. कवितेतलं कदंबाचं झाड आपल्या दारी आलंय असं वाटायचं मला.

तू सगळ्यांना सांगतोस, बाबा हवापालटाला गेलेत. सांग बापडा. पण सेक्रेटरी तू होतास, पार्किंगसाठी झाड काढायचं तू ठरवलंस. मी जिना उतरेपर्यंत ते आडवं झालं होतं. वर तू म्हणालास, "बाबा, एक झाड तर होतं!" दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली.

आता देवकाला तू आणि सूनबाई पाटावर बसाल, तेव्हा काय पुजाल? ढाल?

परवा होडीनं गोराईला जाऊन आलो. एका बाईंच्या वाडीत कळंब आहे. विचारलं, तर म्हणाल्या, "नातीचं लगीन? न्या की अंकल, विचारता काय!"

डहाळी घेऊन मी येतोय. पोरीसाठी येतोय. पण त्या सिंहाखालून आत शिरणार नाही. मागच्या बाजूनं येईन, जिथं आता तुझी गाडी उभी असते. तेवढी त्या दिवशी हलव. डहाळी घरात नेण्याआधी मला तिथं थोडं थांबायचंय.

कळंबाच्या कुळातला,
तुझा बाप
सीताराम