आप्पांशी कॅमेऱ्यातून कोण बोलतं

सोम. ३ नोव्हें.
आप्पा आज परत हायवेवर. काठी, खांद्यावर घोंगडं, पुण्याकडं तोंड करून निघालेले. ढाबेवाल्यानं ओळखलं, बसवून चहा पाजला, शेजारच्या काशीकाकूला फोन केला. मी कुरकुंभला केमिकलच्या प्लँटमध्ये. फोन गेटवरच्या लॉकरात, आत न्यायला बंदी, ठिणगीचं भ्या. जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर काकूचे मिस्ड कॉल ओळीनं. लॉकरपाशीच उभं राहून फोन लावला, तवा कळलं.
दिवाळी झाली की आमचा कळप कोकणाकडं निघायचा. मेंढरं विकून किती वर्षं झाली. आप्पा लेकीचं नाव विसरले, मला आक्का म्हणतात, पण निघायची वेळ विसरत न्हाईत.

बुध. ५
अंगणातला कॅमेरा घरात वायफायवर फोनात झकास दिसतो. फाटकाबाहेर पडलं की नुसतं चक्र फिरतं. त्याचं ॲप बंद पडलंय, कंपनीनं गाशा गुंडाळला म्हणे. नेटवाला संतोष म्हणाला, "ताई, राउटरमधी पोर्ट उघडावा लागंल. बाहेरनं आत यायची वाट. मग थेट बघा कुरकुंभातनं." तो फोनवर आकडे सांगत गेला, मी भरत गेले. सेव्ह. रस्त्यावर जाऊन बघितलं. चक्र. परत भरलं. चक्र. मरो ते राउटर.

शुक्र. ७
आज कळलं. लाईट जाऊन आली की राउटर कॅमेऱ्याला नवा नंबर देतो, पोर्ट बसलाय जुन्याच नंबरावर. वाट उघडी, घर भलतंच. नंबर पक्का बांधून टाकला. तरी दिसेना!
संतोष : "आमच्या साईडनं बी उघडावा लागतोय. गावाला बाहेरचा पत्ता एकच हाय न्हवं."
कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलू का विचारलं. "नगा ताई. अख्ख्या गावाच्या कॅमेऱ्यांला त्योच ठिवलाय. बिघाड झाला तर मला कसं दिसणार?" बरं म्हटलं. त्याच्याशी वाकडं घेऊन चालत न्हाई.

सोम. १०
दिसलं!! चहाच्या सुट्टीत लॉकरपाशी उभी, आप्पा बाजेवर, पाय हलवतायत. रडूच आलं. गार्ड म्हणाला, "क्या हुआ दीदी?" म्हटलं काही नाही, बाप दिसला.

शनि. १५
आठवडाभर आप्पा कुठं गेले न्हाईत. कधीही बघा, बाजेवर, कॅमेऱ्याकडं तोंड. एवढं शहाणपण कसं आलं? काकू म्हणते, "कुणाशी तरी बोलत्यात गं. हसत्यात बी."
आप्पांना विचारलं. "त्यो हाय की. बस म्हंतो."
कोण त्यो?
"त्योच."
 मग मनाला समजावलं, भास असंल. डॉक्टर बोलले होतेच.

रवि. १६
भास नाही. कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंगचं कार्ड काढून फोनात लावलं, आवाजासकट. आप्पा काठी घेऊन उठतात, अन् कॅमेऱ्याच्या स्पीकरातून बाप्याचा घोगरा आवाज, "आप्पा, बसा. मेंढरं दमल्यात. उद्या निघू." आप्पा गुमान बसतात. मग तोच, "जेवला का? ताई कवा येती?" आप्पा सांगतात, "दिस बुडायला."
 न्हाणीचं दार त्याच कॅमेऱ्यात येतं. एवढे दिवस.
संतोषला धरलं. आईची शपथ घेतली त्यानं. "पासवर्ड गावात सगळ्यांलाच म्हाईत हाय ताई. कुणीबी आसंल."
कुणीबी! संध्याकाळी दुकानात गेले, जो बोलला त्याचा आवाज कान देऊन ऐकला. राम राम म्हणणाऱ्याची पण भीती वाटली. घरी येऊन पहिला पासवर्ड बदलला.

मंगळ. १८
सुट्टीत बघितलं. आप्पा कॅमेऱ्यापुढं उभे. "बोल की रं." परत परत. मी फोनमधून बोलले, आप्पा, बसा, मी हाय. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "तू न्हाई. त्याला बोलीव." अन् काठी उचलली. फाटक उघडलं. मी लॉकरपाशी बोंबलतेय, आप्पा, आप्पा, अन् पडद्यावर रिकामी बाज. काकू लेकीकडं शिरूरला गेलेली. ढाबेवाल्याचा फोन लागेना.
हायवेवर कंटेनरवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून बाप घरात आहे. गुडघा फुटलाय. ढाब्यावरनं नंबर घेऊन कंटेनरवाला मला फोनवर घाण घाण बोलला, मी नुसती हो हो म्हणत होते.

बुध. १९
आज रजा. उद्या मिळणार न्हाई, साहेबांनी स्पष्ट सांगितलं. काकू रविवारशिवाय येत न्हाई.
आतून कुलूप लावून बघितलं. आप्पा दारावर डोकं आपटून घ्यायला लागले, काढलं.
आवाज घोगरा करून मीच बोलले, "मेंढरं दमल्यात." आप्पा हसले. "आक्का, लबाड हाईस."
कार्डातलं त्याचं बोलणं ऐकवलं. बसले. "व्हय, जेवलो," म्हणाले, अजून दोन गोष्टी विचारल्या. उत्तर येईना तशी काठी शोधायला लागले.
सकाळपासून एकच डोक्यात. कॅमेरा वळवून न्हाणी चुकवली, दाराला पोतं बांधलं. मग? मग काय, त्याला घरात घ्यायचा? कोण आहे, कसा आहे, आज बस म्हणतो, उद्या चल म्हणाला तर? आप्पा जातील त्याच्यामागं, मेंढरासारखे.
कॅमेऱ्याचं पान उघडून बसलेय. गावाला म्हाईत असलेला जुना पासवर्ड परत भरलाय. सेव्ह केलं न्हाई अजून. कंपनीची बस पहाटेच येते.
बाजेवरून आप्पा विचारतायत, "आला का गं त्यो?"