नवरंगाची शीळ

सीवूड्स, ८ जून २०२५

चि. हरेश यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसले. बाबांची तब्येत उतरणीला लागली आहे. डॉक्टर हल्ली फार गोड बोलतात, त्यावरून मी काय ते समजले. परवा बाबांनी विचारलं, करंजाड्याला घरामागं नवरंग पक्षी आला का? एकदा त्याची शीळ ऐकली की माझं मागणं संपलं, असं म्हणत होते.

तुझा शेजारी कुंदन सांगत होता की तू कॅमेरेवाल्यांना करवंदीच्या जाळीत नेतोस आणि मोबाइलवर शीळ वाजवून पाखराला उघड्यावर काढतोस. अरे, आपल्या जागेत दुसरा नर घुसला असं वाटून ते घरटं सोडून धावतं. बंद कर हे. २२ तारखेला, रविवारी, बाबांना घेऊन येते. नमितालाही आशीर्वाद.

तुझी ताई,
रंजिता

करंजाडे, १३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र म्हणजे पोलिसांची नोटीसच! कुंदनला दुसरा धंदा नाही. माझ्या मित्राच्या, सुयशच्या ओळखीची चार माणसं आली, फोटो काढून, चहा पिऊन गेली. आता तेही बंद केलं, झालं समाधान? पाखरू मजेत आहे. जमिनीवरच पाल्याचं गोल घरटं केलंय, आत अंडी आहेत. नमिता म्हणते, ताईंच्या पैठणीत नसतील एवढे रंग आहेत त्याच्या अंगावर.

बाबांना बिनधास्त आण. तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याचं कालवण तयार असेल. टेन्शन घेऊ नको आणि धाकट्यावरची माया पातळ करू नको.

तुझा,
हरेश

सीवूड्स, २४ जून

हरेश,
रविवारी बाबांना जाळीसमोर खुर्चीत बसवलं आणि लगेच शीळ आली. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. मला रडू आवरेना. निघताना बाबा तुझ्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हणाले, ते आठवलं की अंगाची आग होते.

गाडीत बाबा म्हणाले की भर दुपारी नवरंग कदी बोलत नाय, तो पहाटे बोलतो नायतर दिवेलागणीला. मग मी कुंदनला खोदून विचारलं. तुझी माणसं येतच राहिली, पाखरू त्या खोट्या शिळेमागं धावत राहिलं आणि इकडे कावळ्यांनी अंडी फोडली. जाळी केव्हाच रिकामी झाली होती. तू पानांआड स्पीकर ठेवलास.

पाखरू गेलं म्हणाला असतास तर बाबा हळहळले असते, जेवून परत आले असते. तुला काही बोलायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. पोराला वाटू दे, बापाला कललं नाय, असं म्हणाले. ती शपथ मी मोडते आहे. मरणाच्या दारातला माणूस तुझी लाज राखायला मान डोलावत बसला होता, हे तुला कळायलाच हवं.

पत्रात तुमचे आशीर्वाद लिहू का, असं बाबांना विचारलं. लिही म्हणाले. म्हणून त्यांचे तुला आशीर्वाद. माझे मागू नकोस.

रंजिता