एक्सलची बुजवलेली भोकं

प्रिय खटपट्या,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच लिहितेय. सकाळी चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडला, आणि बाबांनी स्वतः उठून तो पुसला, यावरून काय ते समज. तुझा जीव टांगणीला लागायला नको म्हणून आधीच सांगून टाकते, आम्ही दोघंही धडधाकट आहोत, कुणाला साधं खरचटलंही नाही. पण बाबांचा ट्रेलर मोडला. हो, तोच, रुपेरी रंगाचा, ज्याच्यावर माशी बसली तरी बाबा फडकं घेऊन धावायचे. त्याचा एक्सल, दोन्ही चाकांना जोडणारी खालची नळी, तोच तुटला. उभ्या गावाच्या होड्यांचे ट्रेलर दुरुस्त करणारी माणसं आपण, आणि आपल्याच ट्रेलरचा एक्सल भर धक्क्यावर काडीसारखा मोडतो. मी लिहितेय खरी, पण मला स्वतःलाच अजून पटत नाहीये.

झालं असं की काल सुट्टी म्हणून बाबांना होडी पाण्यात घालायची हुक्की आली. मी गाडी चालवत होते. धक्क्याचा उतार तुला माहीतच आहे, वरून पाहिलं की समोर नुसतं पाणीच दिसतं. मी उलटी गाडी घेत होते आणि बाबा मागे उभे राहून नेहमीसारखे हातवारे करत होते, जणू मी आजच गाडी शिकतेय. मध्येच त्यांनी थांब म्हणून हात केला. होडीचा एक दोर चाकात जाईल असा लोंबत होता. ते वाकले, ट्रेलरखाली शिरले, दोर ओढून घेतला आणि गुडघ्यांना शिव्या देत बाहेर आले. ते कमरेवर हात ठेवून सरळ होतायत तोच आवाज झाला. फार मोठा नव्हता रे, वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. आरशात पाहते तर होडी एका अंगावर कलंडलेली आणि एक चाक सुटून आपल्या मर्जीने उतारावरून पाण्याकडे निघालेलं. खाली आंघोळ घालायला आणलेलं कुणाचं तरी कुत्रं होतं, ते तेवढं जीव घेऊन पळालं. मी ब्रेकवर पाय रोवून बसले होते. दार उघडायचा खटका कुठे असतो तेच मला आठवेना.

ते एका दोराइतकं अंतर मला सारखं दिसतंय. बाबांना खाली अजून जराशी खटपट करावी लागली असती, तर अख्खी होडी त्यांच्या पाठीवर आली असती. हे मी त्यांना बोलून दाखवलेलं नाही. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण खरा धक्का पुढेच आहे. होडी बाजूला काढून आम्ही एक्सलचं मोडकं टोक पाहिलं. बाहेरून रंग अगदी आरशासारखा, कुठे पोपडा नाही, गंजाचा ठिपका नाही. आणि आत? त्या चौकोनी नळीतून ओल्या चहाच्या चोथ्यासारखा काळालाल गंजाचा लगदा भदाभदा खाली पडला, मागून खारं पाणी आलं. तुटलेली कड कांद्याच्या सालीसारखी सुटी सुटी झाली होती. बाबांनी काठावर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार गेला. लोखंडातून अंगठा आरपार! मी किंचाळलेच. बाबा मात्र अंगठा तसाच ठेवून बघत राहिले. त्या नळीचं लोखंड कधीच संपलं होतं रे. होडी तोलून धरत होता तो नुसता रंग, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्या घरचा नियम तुला सांगायला नको. आधी गाडी, मग माणसं. समुद्रातून ट्रेलर वर आला की आपण दोघं भिजून काकडत असलो तरी घरात पाऊल टाकायचं नाही. आधी गोड्या पाण्याच्या नळीने ट्रेलर वरून, खालून, चाकांच्या आतून धुवायचा, बाबा बोटाने पाणी चाखून खारट लागत नाही ना ते बघणार, आणि मगच आपल्याला टॉवेल. आई म्हणायची, या माणसाने पोरांपेक्षा एक्सलला जास्त वेळा आंघोळ घातलीये. वर दरवर्षी प्रायमर, त्यावर रुपेरी रंगाचे हात, आणि बारीकशी फट दिसली की आधी पुट्टी भरायची. सगळी लढाई बाहेरच्या मिठाशी. आत शिरलेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न आपल्याकडे एकाच माणसाला पडला होता, आणि त्या माणसाची त्यापायी काय शोभा झाली ते तू विसरला नसशील.

मी तर काल धक्क्यावरच ते सगळं आठवत उभी होते. बाबा लग्नाला गेले असताना तू घरचे दोन्ही ट्रेलर जॅकवर चढवलेस आणि एक्सलला खालच्या बाजूने ड्रिलने भोकं पाडलीस. ट्रेलर तिरका केला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, असं तू मला कान लावायला सांगून ऐकवलं होतंस. बाबा परत आले, रंगाचा डबा घेऊन खाली झोपले आणि त्यांना ती भोकं दिसली. मग जो काय तमाशा झाला! चांगल्या लोखंडाला भोक पाडणारा पोरगा माझा नव्हेच, इथपर्यंत गाडी गेली. तू एवढंच म्हणत होतास की पाणी आत शिरतंच बाबा, निदान बाहेर पडायला वाट तरी ठेवा. आणि ते म्हणत होते, माझ्या ट्रेलरमध्ये पाणी शिरत नाही. जसं काही समुद्र त्यांना विचारून आत जाणार होता. त्याच दिवशी त्यांनी दोन्ही एक्सलची भोकं वेल्डिंगने बुजवली, घासून सपाट केली, वर रंग मारला. तू घर सोडलंस तेव्हा दुसरा ट्रेलर तुझा म्हणून दिला खरा, पण देताना सगळ्यांसमोर बजावलं, पुन्हा भोक पाडलंस तर मला तोंड दाखवू नकोस.

काल त्या मोडक्या नळीवर बाबांना काय सापडलं माहितीये? त्यांनीच बुजवलेलं एक भोक. वेल्डिंगची ती गोल टिकली तुटलेल्या कडेला चिकटून राहिली होती, घट्ट, चकचकीत. अख्ख्या एक्सलमध्ये तेवढाच तुकडा धड होता. बाबांनी तो हातात घेतला, खिशात टाकला आणि उतारावरच बसले. लोक जमले होते, कुणी पाणी देतंय, कुणी नशीब म्हणा थोडक्यात निभावलं म्हणतंय. ज्या माणसाला चहात साखर कमी पडली तरी भाषण द्यायचं असतं, तो माणूस खिशातली टिकली नुसती चाचपत बसला होता.

घरी आल्यावरही बसले नाहीत. हातोडी घेऊन वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या एकूण एक ट्रेलरखाली शिरले आणि एक्सल ठोकत सुटले. चांगला असेल तर ठण्ण वाजतो, कुजलेला असेल तर बद्द. रंगाने फसवल्यावर आता डोळ्यांवर त्यांचा भरवसाच उरला नव्हता, नुसते कानाने तपासत होते. मी मागे बॅटरी धरून उभी. शेवटचा ट्रेलर झाला, तसे ते खालून बाहेरच येईनात. मी घाबरून वाकले, तर उताणे पडून वर बघतायत. मला म्हणाले, त्याच्याकडचा ट्रेलर पण मीच बुजवलाय गं.

तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. तुला सांगते, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी धावत जाऊन तुला फोन लावला. तुझा बंद. मग तुझ्या बायकोला लावला, तर ती म्हणाली तू पोरीला घेऊन होडीसकट लांबच्या खाडीवर गेलायस, तिकडे रेंज नसते, आणि परत उद्या येशील. तिला घाबरवायचं नव्हतं, पण सांगणं भाग होतं. तिने धीराने ऐकलं आणि तिथल्या धक्क्यावरच्या दुकानातल्या तारेच्या फोनवर निरोप ठेवते म्हणाली, की ट्रेलर जागचा हलवू नका, दुसऱ्या गाडीने या. निरोप तुला मिळाला की नाही ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तू आणि आपली चिमुरडी त्या घाटरस्त्याने ती होडी ओढत येताय, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाबा रात्रभर आडवे झालेच नसावेत. पहाटे मी उठले तर स्वयंपाकघरात ती वेल्डिंगची टिकली टेबलावर ठेवून बसलेले. माझ्याकडे न बघताच बोलू लागले. म्हणाले, तो इतक्या वर्षांत एकदाही आला नाही. मी तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं ते भोक पाडलंस तर. मग आला का नाही? पाडलंच असेल ना त्याने? खटपट्या आहे तो, गप्प बसणाऱ्यातला नाही. तू आला नाहीस म्हणून ज्यांनी सणावाराला ताट पुढे सारलं, शेजाऱ्यांपुढे तुला नाही नाही ते बोलले, तेच बाबा आता तुझ्या न येण्यालाच आशेने धरून बसलेत. आणि शेवटी हळूच म्हणाले, एकदा तरी त्याने माझं ऐकलेलं नसू दे.

तर आता हे पत्र कशासाठी ते सांगते. ते टपालाने येणार नाही, बाबाच आणतायत. पहिल्या बसने निघतायत, पिशवीत एक जोडी कपडे आणि हातोडी आहे, आणि पाकिटात काय आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तू हे वाचतोयस म्हणजे तू आणि पोर सुखरूप घरी आला आहात, एवढ्याने माझं अर्धं काळीज जागेवर आलं. उरलेलं त्यांच्यापाशी अडकलंय. ते तुला म्हणतील नातीला बघायला आलो, नाहीतर बेअरिंगला ग्रीस भरायला आलो. खरं विचारायची त्यांची छाती होणार नाही, आणि माफी मागणं तर त्यांना येतच नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून तू त्यांना काही विचारायला लावू नकोस, जुनं काढू नकोस, पाणीबिणी नंतर दे. ट्रेलर घरी आला असेल तर सरळ तिकडे ने, अजून खाडीवरच असेल तर त्यांना घेऊन तिथे जा. भोकं बुजलेलीच असतील तर तो एक्सल त्यांच्या देखत कापून टाक. पण तू पाडली असशील, आणि माझं मन सांगतंय पाडली असशीलच, तर तोंडाने काही बोलू नकोस. खाली त्यांच्या शेजारी झोप, त्यांचा हात धर, आणि त्यांचं बोट त्या भोकावर नेऊन ठेव.

तुझीच, बस सुटेपर्यंत त्यांच्या पिशवीला धरून उभी राहणार असलेली,
ताई