सुटं टोक

मिस्त्री, तुम्हाला लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होत आली. सातवीत शाळा सुटलेली, कागद पुढे घेतला की घाम फुटतो. पण आज तुमच्याशी भांडायचंच आहे.

भातगिरणीतला दिवस आठवतो? मी एक वायर भिंतीवर लोंबती ठेवली आणि तुम्ही टेस्टरची मूठ माझ्या बोटांवर हाणलीत. "शिंच्या, सुटं टोक म्हणजे फणा काढलेलं जनावर. आधी जागेवर बसव, मग जेव." संध्याकाळी तोच टेस्टर मला देऊन टाकलात. तो अजून माझ्या खिशात असतो. तुमचा तो नियम मी तीस वर्षं पाळला, आणि त्यानेच घात केला.

रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात मी वायरमन होतो. तिथे संगणक आले, आणि त्यांच्यासाठी स्विच आला. आपलं बटण नव्हे. ही चोवीस भोकांची चपटी पेटी, सगळे संगणक तिच्यातून एकमेकांशी बोलतात. केबली मीच ओढल्या. खंडेनवमीला पेटी पुसली, झेंडूची माळ घातली. एका केबलीचं एक टोक पेटीत होतं, दुसरं फळीवर मोकळं पडलेलं. मला बघवेना. रिकाम्या भोकात बसवलं आणि हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपली, त्या सकाळी सगळे संगणक हँग. दाभोळकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं रिपोर्टासाठी ताटकळली आहेत, खिडकीवरची मुलगी ओरडते आहे, "काका, लोक आता मला खातील हो!" दुपारी कोल्हापूरहून इंजिनियर आला. लॅपटॉप जोडून म्हणाला, "पेटीचा प्रोसेसर नव्याण्णव टक्क्यांवर." पेटी बंद करून चालू केली; क्षणभर बरी, पुन्हा नव्याण्णव. मग माझ्यादेखत मॅनेजरना म्हणाला, "वायरिंग भंगार आहे. सगळं उखडा, आणि काकांना आता घरी बसवा."

निवृत्तीला दोन वर्षं होती. मी मूळचा घाबरट, घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा. पण माझ्या कामाला भंगार म्हटलेलं ऐकून घेणार नव्हतो.

"साहेब, आकडा सोडा, पेटीवरचे दिवे बघा. एरवी जो तो आपापला लुकलुकतो. आज सगळे एकदम, आरतीच्या टाळ्या पडाव्यात तसे."

"मग?"

"मी एकेक केबल काढतो. तुम्ही आकडा वाचा."

"काका, ही काय ट्यूबलाइट आहे?"

"नाही ना? मग वाचा."

एक काढायची, दहा मोजायचे, परत लावायची. नव्याण्णव. नव्याण्णव. सतरावी काढली आणि दिवे निवले. "बारा," तो म्हणाला, आवाज उतरलेला. केबल चाचपत गेलो, तर तिचं दुसरं टोकही त्याच पेटीत. मी बसवलेलं. पेटीतून निघालेला निरोप त्या केबलीने फिरून पेटीतच येत होता, पेटी तो पुन्हा सगळ्यांना धाडत होती. त्या गरगरीत तिचा मेंदू दमला.

"कुणी लावली ही?" मॅनेजरनी विचारलं.

"मी. पण वायरिंग भंगार नाही, ते आधी लिहा."

इंजिनियरला तसं रिपोर्टात लिहावं लागलं. काही उखडलं नाही, नोकरीही राहिली.

तेव्हा मिस्त्री, तुमचा नियम तिथे चुकला. विजेच्या वायरीला खरा असेल, या पेटीला नाही. तोंडावर सांगतो, हाणा टेस्टर. पुढच्या खंडेनवमीला मॅनेजर बघत असताना मी पेटीला पुन्हा माळ घातली. सुट्या टोकांना मात्र हात लावला नाही.

एक राहिलं. त्या दिवशी "मी" म्हटल्यावर पाठोपाठ बोलून गेलो होतो, "आमच्या मिस्त्रींनीच असं शिकवलं." सगळे हसले. मी हसू दिलं. आणि एकेक वायर काढून, दहा मोजून बघायचं, हेही तुम्हीच शिकवलं होतंत. ते बोललो नाही. ती हुशारी आजवर माझ्याच नावावर आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? टेस्टरखाली ठेवतो. रागावला असाल तर तसं कळवा, पण लवकर कळवा. आता फार वाट बघवत नाही.