रिकाम्या चौकोनाचा हिरवा दिवा

३ फेब्रुवारी, सोमवार

पिवळा! कॉम्प्युटरचा सगळाच्या सगळा पडदा पिवळाधमक! परवा गिऱ्हाईक येणार आणि आम्ही त्याला दाखवणार काय, तर कावीळ!

कॅन्टीनांना खायचा माल पुरवणाऱ्यांचं जे जुनं स्टँडर्ड, म्हणजे ठरलेला तक्ता आहे, त्यात प्रत्येक जिन्नसापुढे ॲलर्जीचे चौकोन आहेत. दूध आहे का, अंडं आहे का, शेंगदाणे आहेत का. 'हो' तरी लिहायचं, नाहीतर 'नाही'. निम्म्या लोकांनी काहीच लिहिलेलं नाही. आणि कॅन्टीनवाल्यांच्या स्टँडर्डमध्ये दोनच गोष्टी — चालेल, चालणार नाही. हिरवा दिवा, लाल दिवा. या दोघांची गाठ मारायची मी! रिकाम्या चौकोनाला मी पिवळा दिला — 'माहीत नाही'. बरोबरच आहे की ते. पण साहेब म्हणाले, "पिवळ्याचं लोकांनी करायचं काय, मॅडम? हो की नाही ते सांगा."

शेवटी एक नियम टाकला. एवढासा. जे सांगितलं नाही, ते नाही. आमच्या सॉफ्टवेअरचं इंजिन तर्क लावत सुटलं — पिठात नाही, म्हणून मसाल्यात नाही, म्हणून सूपमध्येही नाही. पाच मिनिटांत पडदा हिरवागार.

"फक्त दाखवण्यापुरता हं," मी बजावलं. "हो हो हो," साहेब म्हणाले. तीन वेळा हो म्हणणाऱ्या माणसाचं मी ऐकलं!

५ फेब्रुवारी, बुधवार

करार झाला. टाळ्या, केक, फोटो. फोटोत माझे डोळे मिटलेले.

घरी आल्यावर हा विचारतो, "तू नक्की करतेस काय गं? लोक विचारतात आणि मी 'कॉम्प्युटरवर काहीतरी' म्हणून वेळ मारून नेतो." मग सांगितलं. प्रत्येक धंद्याची आपली स्टँडर्डं असतात, आपले तक्ते, आपले शब्द. माणसं ती वाचतात, पण एका कंपनीच्या यंत्राला दुसरीचं कळत नाही. मी त्या तक्त्यांमधला अर्थ बाहेर काढून यंत्राला शिकवते — काय म्हणजे काय, कोण कोणाचं काय लागतं. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात.

"म्हणजे दोन घरांमधली मध्यस्थ बाई."

"हो. आणि भांडण झालं की दोन्हीकडून शिव्या खाणारी."

नोकरी गेल्यापासून याच्या विनोदांना ऊत आलाय. बरं वाटतं पण. गप्प बसला की जास्त धडकी भरते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर बघ कसं फरफटलंय!

साहेब टेबलापाशी आले. हसतमुख. "मॅडम, आपलं पहिलं कॅन्टीन कुठलं माहितीये? तुमच्या मुलीची शाळा! कालपासून सुरूसुद्धा झालं." मी हसले. थँक यूसुद्धा म्हटलं. ते गेल्यावर शाळेत बसवलेली आवृत्ती उघडून बघितली.

तो नियम आत आहे. दाखवण्यापुरता टाकलेला. तसाच्या तसा!

माझी मनी निळ्या ताटलीत जेवते. ज्या मुलांना ॲलर्जी आहे त्यांना शाळेत निळ्या ताटल्या देतात, कोपऱ्यातल्या टेबलावर बसवतात. तिच्या वर्गात अशा दोघीच — मनी आणि तिची ती मैत्रीण, जिला आम्ही फटफटी म्हणतो, कारण ती एकदा बोलायला लागली की थांबत नाही. दोघींनाही शेंगदाण्याचीच. मनी चार वर्षांची होती तेव्हा एक बिस्किट खाल्लं होतं. अर्धंच. ओठ सुजले, मग गळा, मग तो घरघर आवाज. डॉक्टर म्हणाले होते, "जरा उशीर झाला असता तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि मला ते पूर्ण ऐकू आलं.

पूर्वी रिकामा चौकोन दिसला की शाळेच्या स्वयंपाकघरातून पुरवठादाराला फोन जायचा, "अहो, यात काय काय आहे?" आता हिरवा दिवा दिसतो. कशाला करतील फोन?

१२ फेब्रुवारी, बुधवार

मनीला आज घरीच ठेवलं. साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. अगदी मनीचं बिस्किटसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत घेऊ ना. आत्ता पडदे पिवळे झाले तर करार बोंबलला." मी म्हटलं, कोणाच्या जिवावर बेतलं तर? तर म्हणतात, "उगाच अभद्र बोलू नका. आणि मॅडम, नियमाखाली नाव कोणाचं आहे?"

माझं आहे. आवाज जरासुद्धा चढवला नाही त्यांनी. त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी याला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, सोड नोकरी. आणि मग दोघं घरी बसून एकमेकांची तोंडं बघू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मनीला आजपासून घरचा डबा. शाळेला चिठ्ठी दिली — पोटाची तक्रार आहे, काही दिवस घरचंच खाईल. खोटं लिहिताना अक्षर किती सुरेख येतं माझं!

जीव जरा भांड्यात पडला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मनी फुगून बसलीये. "मला डबा नको. डबेवाल्यांना खिडकीजवळ बसवतात. फटफटीला एकटीलाच कोपऱ्यात बसवतात."

"काही दिवस गं."

"मग तिला पण दे ना डबा. पहिल्या दिवशीच म्हटलं होतं मी."

"तिची आई आहे ना तिला. आपण नाही असं दुसऱ्यांच्या मुलांना काहीबाही खायला द्यायचं."

किती शहाण्यासारखं बोलते मी! जीभ कशी झडली नाही?

बाकी डबा मानवलेला दिसतोय. चाटूनपुसून येतो. तरी घरी आल्या आल्या दप्तर फेकते आणि खा-खा करते. हा म्हणाला, "पोटात राक्षस शिरलाय हिच्या." वाढीचं वय आहे. उद्यापासून थोडं जास्त भरीन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळेच्या फाटकाशी फटफटीची आई भेटली. खूश होती! हात धरून म्हणाली, "तुमच्याच ऑफिसचं आहे ना हो ते नवीन? बाई, काय सुटले मी! रोज सकाळी स्वयंपाकघरात फोन करून डोकं खायचे त्यांचं. आता दिवा बघतात, मला एक मेसेज येतो, झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा निर्धास्त आहे."

सांगायचं होतं! ओठांवर आलं होतं! पण डोळ्यांसमोर साहेब दिसले, नियमाखालचं नाव दिसलं, घरी बसलेला हा दिसला. मी म्हटलं, "हो का? छान."

छान!

२० फेब्रुवारी, गुरुवार

भित्री आहे मी. बस. आणखी काय लिहायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज नियम दुरुस्त करून ठेवला. 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' — तीन वेगळ्या गोष्टी. 'माहीत नाही' असेल तर हिरवा लागणारच नाही, उलट पुरवठादाराला विचारा म्हणून निरोप जाईल. सोपं होतं गं! पहिल्या दिवशीच जमलं असतं. मंजुरीला पाठवला.

आमच्या खोलीत एकजण आहे, वकील म्हणतो त्याला, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडतो म्हणून. आज त्याने फाटे फोडले नाहीत. वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण मंजुरी साहेबांची लागते. ती येईस्तोवर जुनाच चालणार." मग खुर्ची जवळ ओढली. "मंजुरीशिवाय बदल करायची चावी तुझ्याकडे पण आहे. मी काही बघितलं नाही."

माझ्याकडे चावी आहे हे मला काय माहीत नव्हतं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मंजुरी नाही. साहेब बाहेरगावी. बोट दोनदा बटणावर नेलं. दोन्ही वेळा चहा प्यायला उठले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत जायला गाडी मागवलीये, यायचीये अजून. नुसती उभी राहिले तर किंचाळेन, म्हणून लिहितेय.

आज मला राहवलं नाही. शाळेत मागच्या आठवड्यापासून बुधवारी जे नवीन सूप देतात, त्याच्या पावडरीचा चौकोन रिकामा आहे. पुरवठादाराला सरळ फोन लावला. एक बाई बोलल्या, फार गोड. "शेंगदाणे? हो, दाट व्हायला पीठ घालतो ना त्याचं. गेल्या वर्षापासून."

"मग चौकोनात लिहिलं का नाही?"

"कोणी विचारलंच नाही हो."

बुधवार. आज बुधवार! आणि मागचाही बुधवार गेला, मागच्या वेळी काही झालं नाही, म्हणजे कदाचित — नाही. असं नसतं. कधी काही होत नाही आणि मग होतं.

नियम काढला. मंजुरी गेली खड्ड्यात! पण सूप तर केव्हाच शिजलं असेल. शाळेचा फोन सतत एंगेज. फटफटीच्या आईचा नंबर माझ्याकडे नाही! रोज फाटकाशी भेटतो आणि नंबर नाही!

देवा, ती कोपऱ्यात एकटी बसलीये. मीच बसवलंय तिला तिथे एकटीला.

गाडी आली.

त्याच दिवशी, शाळेच्या बाकावरून

जिवंत आहे. फटफटी जिवंत आहे! मी जेवणघरात शिरले तेव्हा तोंडाचा पट्टा चालू होता तिचा. कोपऱ्यात नाही, खिडकीजवळ, मनीच्या शेजारी. मध्ये मनीचा डबा, अर्धा एकीकडे, अर्धा दुसरीकडे. निळी ताटली बाजूला, सूप तसंच भरलेलं. वर साय धरलेली.

"रोज?" मी विचारलं.

मनी घाबरली. रडवेली झाली. "रागावू नकोस ना. तू तिला वेगळा डबा दिला नाहीस, म्हणून मी माझाच दिला."

पहिल्या दिवसापासून. म्हणून ती घरी येऊन खा-खा करायची. आणि मी म्हणत होते, वाढीचं वय.

मनीला मांडीवर घेऊन खूप रडले. सगळ्या शाळेने बघितलं. बघू दे. फटफटीच्या आईला बोलावलंय. ती आली की सगळं सांगणार आहे, नियमाखालच्या नावासकट.

तोवर बाकीची कॅन्टीनं. वकील फोन करून एकेकाचे नंबर सांगतोय, मी लावत सुटलेय. नऊ शाळा आहेत अजून. तिथे मनी नाही.