आधी माप, मग कापड

अब्बा, मराठीतच लिहितेय. तुम्हाला ही लिपी वाचायला जड जायची ते ठाऊक आहे, पण मला मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, तेव्हा आता कुरकुर नको. आज मी बँकेत गेले होते. घर अजून घेतलेलं नाही, नुसतं विचारायला गेले की मला कर्ज किती मिळेल. एवढं विचारायला मला सहा आठवडे लागले. दर रविवारी जव्हारात घरं बघत हिंडले, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, ओटा कुठल्या भिंतीला हवा यावर एका मालकाशी वादसुद्धा घातला, घर जणू माझंच झालं होतं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई सांगून थकल्या की अगं, आधी बँकेचं मंजुरीचं पत्र घे, आपल्या आवाक्यात काय आहे ते तरी कळेल. मी हो हो म्हणायची आणि पुढच्या रविवारी आणखी एक घर बघून यायची.

तुमच्या शिलाईच्या दुकानात वाढलेली मुलगी मी, मला हे शोभतं का? पुढं दुकान, मागं आपल्या दोन खोल्या, सगळंच भाड्याचं. जामसरचा तो म्हातारा आठवतो मला. मुलाच्या लग्नाला सदरा शिवायचा म्हणून कापड घेऊन आलाय, आणि ते कमी पडतंय. किती घ्यायचं ते कोणी सांगितलं, असं तुम्ही विचारलंत, तर म्हणाला, दुकानदारानं दिलं तेवढं घेतलं. तुम्ही चिडला नाहीत. त्याच्या मुलाला उभं केलंत, माप घेतलंत, चिठ्ठीवर लिहून दोघांना परत दुकानात पाठवलंत. आधी माप, मग कापड, हे तुम्ही दिवसातून दहादा म्हणायचात. आणि टेप कमरेला लागली की माणूस पोट आत ओढून धरतो, मग तुमचं ठरलेलं वाक्य यायचं, "श्वास सोडा भाऊ, नाहीतर पँट खोटी बसेल."

मग घरमालक काका मुलाकडे नाशिकला जायला निघाले. विकायच्या आधी ते तुमच्याकडे आले. म्हणाले, भाई, इतकी वर्षं तुम्ही इथं आहात, पहिला हक्क तुमचा. बँक किती देते तेवढं विचारून या, मग किमतीचं बोलू, पावसापर्यंत मी थांबतो. इतकं सरळ कोण बोलतं हो? व्याजाचा प्रश्न तुम्ही दोन रात्री जागून मनाशी मिटवलात. मला म्हणालात, अल्लाला काय सांगायचं ते मी सांगेन. मग इस्त्रीचा कुर्ता घालून मला बरोबर घेऊन तुम्ही बँकेत गेलात. बाकड्यावर आपण दोघं तासभर बसलो. साहेबांच्या पँटी तुम्हीच शिवायचात, त्यांची कंबर तुम्हाला तोंडपाठ. शिपायानं येऊन विचारलं, काय काम आहे? आणि तुम्ही म्हणालात, "साहेबांची पँट झालीय, तेवढं सांगायला आलो होतो."

मी तुमच्या तोंडाकडे बघतच राहिले. मला राग आला होता, खरं सांगते. बाहेर आल्यावर मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात. "बेटा, तो नाही म्हणाला तर? उद्या त्याच्याच कमरेला टेप कशी लावू?" तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला. आता या सहा आठवड्यांनी कळलं. घर बघायला गेलं की लोक चहा देतात, ताई म्हणतात, बसा म्हणतात. बँकेत मात्र आपल्यालाच उभं करून आपलं माप काढतात, आणि ते कमी भरलं तर बाजारपेठेतून मान वर करून चालायचं कसं, हीच भीती. जव्हार केवढं? सकाळी बँकेत झालेलं दुपारी पानाच्या टपरीवर पोचतं.

तरीही तुम्ही हिंमत धरलीत. आठ दिवसांनी एकटे जाऊन विचारून आलात. साहेब म्हणाले होते, मुलगी शिक्षिका आहे ना, तिची पगाराची स्लिप आणा, तिची सही लागेल, मग आकडा सांगतो. मी तेव्हा मोखाड्याच्या शाळेत नवी होते. तुम्ही स्लिप मागितलीत, मी म्हटलं, क्लार्कनं दिली नाही. पुन्हा मागितलीत, म्हटलं, क्लार्क रजेवर आहे. स्लिप माझ्या पर्समध्येच होती, अब्बा. मी ठाण्याकडे बदलीचा अर्ज केला होता, तुम्हाला न सांगता. कर्जावर सही केली की मी जव्हारला जन्माची बांधली जाईन असं मला वाटलं. ती मेली बदली काही झालीच नाही.

तिसऱ्यांदा तुम्ही मागितलंच नाही. पावसाच्या तोंडाशी काकांनी घर एका धान्याच्या व्यापाऱ्याला दिलं. आपण गावाबाहेरच्या खोलीत गेलो, मशीन पडवीत आलं, पावसात तुम्ही त्यावर प्लास्टिक टाकून शिवत बसायचात. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक तिकडं चालत येईना. कोणी विचारलं तर सांगायचात, व्याजाचा पैसा आपल्यात चालत नाही म्हणून घर सोडलं. लोक मान डोलवायचे. मीही शेजारी उभी राहून मान डोलवायची. त्याच पडवीतून तुम्हाला नेलं.

आज बँकेतल्या पोरीनं विचारलं, मॅडम, पगाराची स्लिप आणलीत का? मी पोट आत ओढून बसले होते. कागदांसाठी मी अजून ती जुनी काळी पर्स वापरते. तिची चेन त्याच दिवसांत तुटली होती, तुम्ही नवी बसवून दिली होतीत, काळा दोरा संपला म्हणून निळ्यानं. स्लिप काढताना तो निळा दोरा हाताला लागला. आकडा तिनं सांगितला, पुरेसा आहे. घर होईल.

हे पत्र तुमच्या मशीनच्या खणात ठेवणार आहे, बॉबिनांच्या डब्याखाली, दुसरीकडे ते पाठवणार तरी कुठं? एवढंच सांगायचं राहिलं. चेन बदलायची तर पर्स रिकामी करावी लागते. ती स्लिप मी घाईत बोळा करून तळाशी कोंबली होती. पर्स परत मिळाली तेव्हा ती वरच्या कप्प्यात होती, कापडासारखी नीट घडी घातलेली. ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं, अब्बा.